डावीकडून आलेली हाक

मी स्पीकर बोलतोय. जोडीतला डावा. स्पीकर बोलला यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. गाणी दुसऱ्यांची, बातम्या दुसऱ्यांच्या, गाण्याआधीचा खोकलासुद्धा दुसऱ्याचा. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय आणि खरं सांगू, छाती धडधडतेय. मधेच खरखर तर येणार नाही ना? तुम्हाला कंटाळा तर... असो. माझा स्वभावच असा आहे, भित्रा. उजवा, म्हणजे माझा जुळा भाऊ, तसा नाही. तो आला आवाज की सोडतो बाहेर आणि मोकळा होतो. मी आवाज सोडतो आणि मग तो कुठे जाऊन पडला, कोणाला लागला तर नाही ना, याचाच विचार करत बसतो.

आमचा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. एका टोकाने फळ्या आत यायच्या, दुसऱ्या टोकाने आमच्यासारख्या पेट्या बाहेर पडायच्या. शेवटच्या टेबलाशी एक जाड चष्म्याची बाई बसायची. जोड्या लावणं हे तिचं काम. प्रत्येक पेटीवर ती बोटाच्या पेराने टकटक करायची, मग एकच शिट्टी सगळ्यांतून वाजवायची आणि ज्यांचा आवाज तंतोतंत जुळेल त्यांना शेजारी बसवायची. लग्न जुळवणारेही इतके चौकस नसतील. उजव्याची शिट्टी तिने एकदाच ऐकली. माझी तीनदा. पहिल्या दोन वेळा तिच्या कपाळाला आठी पडली होती. तिसऱ्यांदा ती "बरं" म्हणाली आणि माझ्या पाठीवर नंबर चिकटवला. त्या दोन शिट्ट्यांत तिला काय ऐकू आलं, मला अजून कळलेलं नाही. माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती तिथे.

आमचे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी आम्हाला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पार छताला भिडवून टांगलं, दोन कोपऱ्यांत दोघांना. आतल्या यंत्राची घुंईं बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये, एवढाच हेतू. कोपऱ्यात टांगलेल्या स्पीकरचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो, पण दाढ ठणकणाऱ्याला त्याचं काय! बारा वर्षं मी वरून माणसांची टाळकी बघितली. भीतीचं माझं शिक्षण तिथेच झालं. घाबरलेला माणूस मासिक उलटं धरतो. "मला काही वाटत नाही हो" असं शेजाऱ्याने न विचारता सांगतो. आणि ज्या दाढेसाठी आला ती सोडून बाकी सगळ्या दातांबद्दल बोलतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे फार उपयोगी पडली.

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांचा एक पेशंट आम्हाला घरी घेऊन गेला. जमिनीची मोजणी करणं हा त्याचा धंदा. अक्कलदाढेसाठी चार खेपा झाल्या होत्या आणि चारही खेपांना तो आमच्याकडेच बघत बसला होता. "इतके चांगले स्पीकर, आणि वटवाघळांसारखे टांगलेत!" असं तो अर्धा जबडा बधिर असताना म्हणाला. डॉक्टरांना ते नीट कळायला दोन वेळा सांगावं लागलं.

त्याच्या घरी माणसं तीन. तो, त्याची बायको आणि चार महिन्यांची लेक. बायको ग्रंथालयात कामाला, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. लेकीचं कागदोपत्री नाव चांगलं मोठं आहे, पण लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत बसायची म्हणून घरात सगळे ठकी म्हणायचे. मीही तेच म्हणेन.

पहिल्याच रविवारी सकाळी मोजणीदाराने हॉल रिकामा केला. फीत काढली, दोरा काढला, खडू काढला.

"भिंतीपासून दोन फूट पुढे," तो म्हणाला.

"दोन फूट? मग माणसांनी चालायचं कुठून?" बायकोने विचारलं.

"कडेकडेने."

"घर आहे का संग्रहालय?"

"तू खुर्चीत बस. तू ऐकणारी. तू नसलीस तर सगळं फुकट."

एवढं ऐकल्यावर कोण बसणार नाही? ती बसली, ठकीला मांडीवर घेऊन. त्याने उजव्यापासून माझ्यापर्यंत दोरा धरला, तेवढाच दोरा माझ्यापासून खुर्चीपर्यंत, तेवढाच खुर्चीपासून उजव्यापर्यंत. तिन्ही अंतरं सारखी. मग आम्हाला अशा स्टँडवर चढवलं की आमचा छोटा पडदा, जिथून बारीक आवाज निघतात तो, बरोबर तिच्या कानाच्या उंचीला यावा. आमची तोंडं किंचित आत वळवली. आणि एका बाईचं गाणं लावलं.

ठकीची आई दचकलीच. "अरे, ती मधे उभी आहे! तिथे तर कोणीच नाही, आणि ती तिथे उभी राहून गातेय!"

"तीच तर गंमत," मोजणीदार म्हणाला. "दोन कान, दोन स्पीकर. मेंदू मधे माणूस उभा करतो."

बारा वर्षं टाळकी बघितल्यावर मी पहिल्यांदा कोणाच्या तरी कानाच्या उंचीला आलो होतो. माझ्या अर्ध्या आवाजाला उजव्याचा अर्धा आवाज मिळून हवेत एक अख्खी बाई उभी राहत होती. त्या महिन्यांत माझी भीती बरीच मऊ पडली. गेली नाही, मऊ पडली.

ठकी दहा महिन्यांची झाली तेव्हा घरात नवा सोफा आला आणि सगळी मापं बिघडली. पुन्हा रविवार, पुन्हा दोरा. या वेळी मोजणीदाराने एक युक्ती केली. "ओळखीचा आवाज असला की बारीक फरक लगेच कळतो," असं म्हणून त्याने फोनवर बायकोचीच हाक भरून घेतली. "ठकू, इकडे बघ! अगं ठकू!" ही हाक तो एकदा फक्त उजव्यातून सोडणार आणि एकदा फक्त माझ्यातून.

ठकी आईच्या मांडीवर, तोंड समोर. आईने ओठ मिटून घेतले होते.

उजव्यातून हाक गेली. ठकीने झटकन उजवीकडे मान वळवली आणि दोन दात दाखवून हसली.

मग मी बोललो. आईचा आवाज माझ्या पडद्यातून निघाला, स्वच्छ, जरासुद्धा खरखर नाही. "ठकू, इकडे बघ! अगं ठकू!"

ठकीने उजवीकडे बघितलं.

"परत लाव," आई म्हणाली.

परत. मी होता नव्हता तेवढा जीव त्या हाकेत घातला. ठकीने परत उजवीकडेच बघितलं, आणि तिथून काही येत नाही म्हणून गोंधळून आईच्या तोंडाकडे. आईचं तोंड बंद. हाक मात्र आईची. बिचारी रडायलाच लागली.

मोजणीदार हसला. "उजवा आवडतो वाटतं बाईसाहेबांना!"

आई हसली नाही. "डाव्याचा आवाज नीट येतोय ना?"

"थांब, बघतो. डाव्याला काहीतरी झालेलं दिसतंय."

झालं! चष्म्याच्या बाईच्या त्या दोन शिट्ट्या बारा वर्षांनी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मीच तो. माझ्यातच खोट आहे. आता मला उघडतील, मग कपाळाला आठी घालतील, मग खोक्यात घालून माळ्यावर टाकतील, आणि भावाला दुसरा जोडीदार आणतील.

मोजणीदाराने माझ्या पाठीमागच्या वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. माझ्या पडद्याला कान लावला. "आवाज तर ठीक आहे," तो पुटपुटला. "म्हणजे जागेचा दोष. त्याच्या बाजूला खिडकीची काच आहे ना, आवाज तिच्यावर आपटून फिरतो."

त्याचं एक आवडतं वाक्य होतं. मोजणीत चूक निघाली की आधी यंत्र तपासायचं, मग यंत्राची जागा तपासायची. जमीन कधी चुकत नसते. वाक्य खरं आहे. पण या घरात जमीन कोण होती, ते त्याने विचारात घेतलं नव्हतं.

मग काचेवर जाड पडदा आला. पुढच्या रविवारी माझ्यासमोर गालिचा आला. त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तकांचं कपाट माझ्या मागून हलवून उजव्याच्या मागे गेलं. मला वीतभर पुढे घेतलं, मग दोन बोटं मागे, मग तोंड आणखी आत. दर वेळी तीच हाक, आणि दर वेळी ठकीची मान उजवीकडे. "आता थोडी मधे बघते, नाही?" मोजणीदार विचारायचा. ती मधे बघत नव्हती. दवाखान्यात वरून बघितलेली माणसं मला आठवायची, ठणकणारी दाढ सोडून बाकी सगळे दात दाखवणारी. तो माझ्याभोवती फीत घेऊन फिरत होता आणि मला कळत होतं की याला मोजायचं आहे ते हे नव्हे.

तो कामावर गेला की आई ठकीला गालिच्यावर बसवायची, समोर चेंडू ठेवायची आणि दबक्या पावलांनी मागे जायची. डाव्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा वाजवायची. ठकी उजवीकडे वळायची. डाव्या बाजूला वाटी-चमचा. ठकी उजवीकडे. आईचा हात तसाच हवेत राहायचा. घरात ते बघणारे आम्ही दोघंच, मी आणि उजवा, आणि आम्हाला तर बोलता येत नव्हतं.

मग ती स्वतःशीच भांडायची, मोठ्याने.

"तुला काय, मागच्या महिन्यात ती तिरळी वाटत होती. त्याआधी डोकं चपटं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले ना, बाई, चपटी तुमची उशी आहे म्हणून? जन्मली तेव्हा कान तपासलेत. दोन्ही पास." मग बारीक आवाजात, "पण वळत नाहीये ना."

एका दुपारी ठकीची आत्या आली, मोजणीदाराची थोरली बहीण. घरात शिरताना चपला काढायच्या आधीच सल्ले काढणारी. आईने धीर करून विषय काढला.

"ताई, तुम्हाला कधी असं वाटलं का, की हिला एका बाजूने..."

"अगं, हिचा बाप साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता थांबतो का? पोरं असतात आपल्या नादात."

"पण मी किल्ल्या वाजवल्या तर..."

"किल्ल्या वाजवतेस? तू म्हणजे ना, वाऱ्याने दार वाजलं तरी चोर चोर म्हणून ओरडणारी. पुस्तकं कमी वाच जरा."

"ग्रंथालयात नोकरी आहे माझी, ताई."

"तेच म्हणते मी."

आई हसली. पण आत्या जिना उतरल्यावर तिने पुन्हा किल्ल्यांचा जुडगा उचलला.

त्या रविवारी मोजणीदाराने पुन्हा फीत काढली, तेव्हा ती उठून मधे उभी राहिली.

"आता जागा बदलू नकोस."

"अगं, फक्त दोन बोटं..."

"नाही. जागा तशाच ठेव. स्पीकर बदल. डावा उचलून उजव्याच्या जागी ठेव, उजवा डाव्याच्या. बिघाड डाव्यातच असेल, तर तोही त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल. हो ना? तुझीच पद्धत आहे ना ही? दोन यंत्रांची अदलाबदल?"

ही त्याचीच पद्धत होती. इतक्या रविवारांत त्याला ती सुचली नव्हती, असं मला वाटत नाही.

त्याने मला उचललं. बारा वर्षांचा छताजवळचा माझा शेजारी, म्हणजे उजवा, आणि मी हॉलच्या मध्यावर एकमेकांना ओलांडून गेलो. आता मी, डावा, ठकीच्या उजव्या बाजूला उभा होतो, आणि भाऊ तिच्या डाव्या.

पहिली हाक माझ्यातून आली. "ठकू, इकडे बघ! अगं ठकू!"

ठकीने माझ्याकडे बघितलं.

सरळ माझ्याकडे! दोन दात आता चार झाले होते, ते मला पहिल्यांदाच समोरून दिसले. क्षणभर मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिलो. माझ्यात खोट नव्हती! चष्म्याच्या बाई, बघा, खोट नव्हती!

मग हाक भावातून आली, डावीकडून. धडधाकट, एका शिट्टीत पास झालेल्या माझ्या भावातून.

ठकीने माझ्याकडेच बघितलं. हसून. मी गप्प होतो आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

त्या क्षणी मला वाटलं, असायला हवी होती. माझ्यात खोट असायला हवी होती. माळ्यावर टाकलं असतं मला, खोक्यात, अंधारात, झुरळांत, चाललं असतं. ज्या गोष्टीला मी आयुष्यभर घाबरलो, तीच मी त्या सकाळी मनापासून मागत होतो, आणि ती मला मिळणार नव्हती.

मोजणीदार भावाच्या पडद्यावर तळहात ठेवून उभा होता. हाक पुन्हा लावली. पडदा त्याच्या हाताखाली थरथरत होता. आवाज येत होता. त्याने वायर काढली, पुसली...

"पुरे," आई म्हणाली.

तो गालिच्यावर बसला. फीत त्याच्या हातातून सुटून सर्रकन स्वतःच्या डबीत गेली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मी नेहमीसारखी उगाच घाबरतेय."

"मला वाटलं, तू घाबरशील."

तिने ठकीला त्याच्या मांडीवर दिलं आणि फोन घेऊन आत गेली, तपासणीची वेळ घ्यायला.

तपासणीला मी नव्हतो. स्पीकरला कोण नेणार! ती सगळी सकाळ आम्ही दोघं आत्याबरोबर हॉलमध्ये होतो. आत्याने आमच्यावरची धूळ पुसली, मग पुन्हा पुसली, मग पुसलेलंच पुसलं. दुपारी दार उघडलं. मोजणीदाराच्या खांद्यावर ठकी झोपली होती.

"काय म्हणाल्या तपासणाऱ्या बाई?" आत्याने विचारलं. आवाज इतका लहान की तिचा वाटेना.

"उजवा कान एकदम चांगला आहे," आई म्हणाली. "डाव्याने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. जन्मताना येत असेल, नंतर गेलं असेल. काही मुलांचं असं होतं म्हणाल्या. पुढे मोठी झाली की काय करता येईल ते बघू."

आत्या खुर्चीत बसली. "आणि मी तुला चोर चोर ओरडणारी म्हटलं."

"मीही मला तेच म्हणत होते, ताई."

"पण मग... एका कानाने येतं ना ऐकू? बोलेल ना ती?"

"बोलेल. फक्त आवाज कुठून आला ते तिला कळणार नाही. त्याला दोन कान लागतात. आणि उजवा जपायचा. फार मोठे आवाज नकोत, सर्दी झाली तर लगेच दाखवायचं. आता तेवढा एकच आहे."

'तेवढा एकच आहे' हे म्हणताना तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी ठकीच्या उजव्या बाजूला उभा होतो. चांगल्या कानाच्या अगदी समोर, त्याच्याच उंचीला. मोजणीदाराने मला नेमकं तिथे ठेवलं होतं.

तिने येऊन माझी वायर उपटली. मग भावाची.

मी समजू शकत होतो. मीही मला तिथे ठेवलं नसतं.

त्यानंतरचे नऊ दिवस घरात आवाज मेला. मिक्सर गॅलरीत नेऊन, दार लावून, वर टॉवेल टाकून चालवायचा. दाराची घंटा काढून ठेवली. भांडी फडक्यावर ठेवायची. मोजणीदाराला शिंक आली की तो तोंड दाबून जिन्यात पळायचा. दोघं मोठी माणसं एकमेकांशी कुजबुजत होती, जणू घरात कोणीतरी झोपलंय आणि ते कधीच उठणार नाही.

आणि ठकी? तोवर दिवसभर तिचं "बाबाबा, दादादा" चालायचं. तिसऱ्या दिवशी ते कमी झालं. सहाव्या दिवशी ती तासन्‌तास चेंडू हातात घेऊन गप्प बसू लागली. मला ते दिसत होतं. मुकं राहण्याची भीती काय असते, ते आमच्याइतकं कोणाला कळणार? मी वायरीविना उभा होतो, आणि ती पोर माझ्यासारखी होत चालली होती.

शेवटी आत्यानेच विषयाला तोंड फोडलं. नवव्या दिवशी आली, दोन मिनिटं त्यांची कुजबुज ऐकली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हे घर आहे का परीक्षेचा हॉल? पोरीने ऐकायचं तरी काय मग?"

त्या आवाजाने ठकीने मान वर केली. उजवीकडे वळवली, भिंतीकडे, कारण आत्या डावीकडे होती. मग इकडेतिकडे शोधून तिला आत्या सापडली, आणि ती म्हणाली, "दादादा!"

आईने फोन लावला. तपासणाऱ्या बाईंचं बोलणं मला पलीकडून ऐकू येत होतं. "अहो, मोठे आवाज टाळा म्हणाले, घर मुकं करा नाही म्हणाले. बोला तिच्याशी, गा, गोष्टी सांगा. नेहमीच्या आवाजात. फक्त एका वेळी एक, गोंगाटात नको, आणि चांगल्या कानाच्या बाजूने." आई "हो, हो" म्हणत होती आणि रडत होती आणि मधेच हसत होती. "मला वाटलंच, मी जास्त करतेय," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "सगळेच करतात. नऊ दिवस काही फार नाहीत."

त्या रविवारी मोजणीदाराने फीत काढली नाही, दोराही नाही. आमच्या वायरी पुन्हा जोडल्या आणि त्या बाईचं गाणं लावलं. तो गुडघ्यांवर बसला, डाव्या कानात बोट घातलं आणि हॉलभर रांगू लागला. ठकीला वाटलं हा खेळ आहे, तीही मागून रांगायला लागली.

"काय करतोयस?" आईने विचारलं.

"ऐकतोय. तूही बस. डावा कान बंद कर."

ती बसली. दोघं नवरा-बायको एकेका कानात बोट घालून गालिच्यावर. मी हळू आवाजात गात होतो, भाऊ पलीकडून गात होता.

"अरे," ती म्हणाली. "बाई नाहीये. मधे उभी राहायची ती. ती गेली."

"हं."

"नुसतंच गाणं आहे. कुठून येतंय तेही कळत नाही. हे... असं ऐकते ती?"

दोघांनी कानातलं बोट काढलं नाही. गाणं संपलं तरी.

मग त्याने अँप्लिफायरवरचं एक बटण दाबलं. त्या बटणाने दोघांचा अर्धा अर्धा आवाज एक होतो आणि एकाच स्पीकरमधून अख्खं गाणं येतं. मला स्टँडवरून उतरवून ठकीच्या खेळायच्या जागेपासून चांगलं लांब, समोर जरा उजवीकडे, एका बुटक्या टेबलावर ठेवलं. आवाज नेहमीच्या बोलण्याइतका. भावाला आतल्या खोलीत नेलं. जोडी मोडली. जन्मापासून पहिल्यांदा मी एकटा आहे, आणि अख्खं गाणं एकट्याने म्हणताना मला अजूनही भीती वाटते. भाऊ आत काय म्हणतो ते मला भिंतीतून अर्धवट ऐकू येतं. त्याला करमत असेल. त्याला कुठेही करमतं.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा तीच हाक माझ्यातून लावली. ठकी माझ्याकडे वळली. आत्याने टाळ्या वाजवल्या. मी मात्र हुरळलो नाही. मला माहीत आहे, मी गप्प असतो आणि हाक दुसरीकडून आली असती, तरी ती इकडेच वळली असती.

आता ठकी चालते. रोज संध्याकाळी, उजेड असतानाच, तिला रस्त्यावर नेतात, आणि माझ्या टेबलावरून खिडकीतला रस्त्याचा एक तुकडा मला दिसतो. पहिल्या दिवशी दारातच दोघांचं भांडण झालं. आईचं म्हणणं, मी डाव्या बाजूने चालते, तिकडून गाडी आली तर हिला कळणार नाही. मोजणीदार म्हणाला, मग तू बोललेलं तिला ऐकू कसं जाणार? उजवीकडून चाललीस तर ऐकू जाईल, पण डावी बाजू उघडी. दोघं चपला घालून उभी, आणि ठकी मधे दोघांच्या बोटांना लोंबकळतेय. शेवटी आई म्हणाली, "मी डावीकडून राहते. तू उजवीकडून बोल. जे दिसेल ते सगळं सांग तिला. आणि जरा रंगवून सांग, मोजणीचा अहवाल नको."

तेव्हापासून ते तिघं तसेच जातात. डावीकडची गप्प आणि चौफेर नजर ठेवून. उजवीकडचा वाकून वाकून, कुत्रा, सायकल, खांब, चंद्र, जे असेल ते सांगत. मी ते वळणापर्यंत बघतो. वळणापलीकडे मला दिसत नाही, आणि ते परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. वळणापलीकडे मी नसतो, तुम्ही असता. तिथे एखादी लहान मुलगी तुमच्या पुढे चालताना दिसली, आणि तुम्ही गाडीवर असाल, तर भोंग्यावर विसंबू नका, वेग कमी करा. तिला हाक मारायची असेल तर मागून मारू नका. समोर या, तुमचं तोंड तिला दिसू द्या आणि मग बोला. आणि कधी घाईत तुम्ही मागूनच हाक मारलीत आणि ती भलतीकडे बघायला लागली, तर रागावू नका, तिचं लक्ष नाही असं म्हणू नका. तिने तुमची हाक ऐकलेली असते. ती तुम्हालाच शोधत असते. तेवढा वेळ जागेवर थांबा.